उणे-अधिकचा हिशेब आपल्या घरातच आहे

सहावी-सातवीतल्या मुलाला गणितात काय अडते म्हणून विचारा. पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "वजाची गणितं." बेरीज येते, पाढे येतात, हातचा घेऊन वजाबाकीही येते. पण ३ मधून ८ वजा कर म्हटले की पोर थांबते. चौथीपर्यंत त्याने ऐकलेले असते की लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही. आणि एके दिवशी फळ्यावर लिहिले जाते, ३ − ८ = −५. जात नाही म्हणता म्हणता गेली कशी, हे त्याला कळत नाही. विचारायला भीती वाटते. मग "उणे उणे अधिक, अधिक उणे उणे" असे ते मंत्रासारखे घोकत बसते. परीक्षेत मंत्राची ओळ उलटी होते आणि मार्क जातात.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. आठवीपासून बीजगणितात पायरीपायरीला हीच चिन्हे येतात. तिथे पाय घसरला की दहावीचे गणित डोंगराएवढे होते आणि अकरावीचा अर्ज भरताना हुशार पोरही म्हणते, "सायन्स नको, आपल्याला गणित जमत नाही." एका आडव्या रेघेने किती मुलामुलींची वाट वळवली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमचे म्हणणे असे की हे गणित आपल्या घराला मुळीच नवे नाही. ऋण म्हणजे देणे. ईट (ता. भूम, जि. धाराशिव) आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर राहणाऱ्या आम्हा माणसांना देणे म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. डेअरीकडची पेंडीची उधारी, किराणा दुकानातली वही, बचत गटाचा हप्ता, ऊसतोडीची उचल, ही सगळी ऋण संख्यांचीच उदाहरणे आहेत. "आम्हाला काय कळतंय गणितातलं" असे म्हणणारे आई-बाप हा हिशेब रोज तोंडी करतात. तो कागदावर कसा मांडायचा आणि पोरांकडून त्याचा सराव कसा करून घ्यायचा, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

फळ्यापर्यंतची वाट

बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते तेव्हाची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले आणि वर्गात गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्याजवळ गेले तर डबे बाटतील, म्हणून मुले धावली. आधी डबे बाजूला झाले, मग भीमरावांच्या हाती खडू आला.

याच भीमरावांनी पुढे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवली. देशाच्या चलनाचा हिशेब ज्याने जगाला समजावून सांगितला, त्याला लहानपणी फळ्यापर्यंत जाऊ देत नव्हते. म्हणून आपल्या पोराने "गणित आपल्यासाठी नाही" असे म्हटले तर त्याला ही गोष्ट सांगावी. अडवणारे डबे आज फळ्यामागे नाहीत. मनातली भीती मात्र आहे, आणि ती आपल्यालाच बाजूला करायची आहे.

ऋण आणि धन हे शब्द कुठले?

आज शाळेत आपण धन संख्या आणि ऋण संख्या म्हणतो. हे शब्द फार जुने आहेत. भिल्लमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातले भिनमाळ, इथल्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला. त्यात धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज, असे धरून त्याने नियम दिले. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण, ऋणाला ऋणाने गुणले तर धन. आपल्या पोरांच्या पुस्तकातले नियम हेच.

त्याही आधी चीनमध्ये काड्या मांडून हिशेब करत. तिथे लाल काड्या धन संख्येच्या आणि काळ्या काड्या ऋण संख्येच्या असत. युरोपात मात्र अठराव्या शतकातही काही नावाजलेले गणिती ऋण संख्येला संख्या मानायला तयार नव्हते. तेव्हा आपल्या पोराला ती पहिल्या दिवशी पटली नाही तर त्याला मठ्ठ म्हणू नये. मोठमोठ्यांना ती पटायला शतके लागली.

आपल्या देशात ही विद्या संस्कृत ग्रंथांत राहिली आणि शूद्र-अतिशूद्रांच्या दारापर्यंत येऊ दिली गेली नाही. धन एकाच्या वहीत आणि ऋण दुसऱ्याच्या पाठीवर, अशी त्या शब्दांची वाटणी झाली. कष्ट करणाऱ्याला अक्षर आणि अंक येत नसले की सावकार आणि कारकून त्याला कसे नागवतात, हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या पुस्तकात दाखवून दिले. त्याआधी १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले होते. सुपे गावापासून सुरुवात झाली. लोकांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या लोकांचा राग खरा होता. पण जाळलेली वही पुन्हा लिहिता येते. ज्याला ती वाचता येते, त्याच्यासमोर खोटी लिहिणे अवघड जाते.

आणखी एक गोष्ट. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागले तर शून्य येते असे लिहिले होते. आजचे गणित ते मानत नाही. एवढ्या मोठ्या माणसाचाही प्रत्येक शब्द तपासावा लागतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे या आणि पाहा. गणिताचा नियमही असाच शिकायचा असतो. घोकलेला नियम विसरतो, स्वतः पाहिलेला विसरत नाही.

हरभरे आणि चिंचोके

आता प्रत्यक्ष कामाला लागू. घरातले वीस हरभरे आणि वीस चिंचोके घ्या. एक हरभरा म्हणजे एक रुपया जमा, अधिक एक. एक चिंचोका म्हणजे एक रुपया देणे, उणे एक. एक हरभरा आणि एक चिंचोका समोरासमोर आले की दोघांचे मिळून शून्य. रुपया आला, देण्यात गेला, हिशेब फिटला. ती जोडी उचलून बाजूला ठेवायची.

३ + (−८) करायचे आहे. तीन हरभरे आणि आठ चिंचोके मांडा. तीन जोड्या फिटल्या, पाच चिंचोके उरले. उत्तर −५. पोराने हे स्वतःच्या हाताने केले की ‘लहानातून मोठे गेले कसे’ हा प्रश्न संपतो. तीन रुपये खिशात असताना आठ रुपयांचे सामान घेतले तर पाच रुपये उधारी राहते, इतकी ती साधी गोष्ट आहे.

(−४) + (−३) करायचे आहे. चार चिंचोके, त्यात आणखी तीन. सात चिंचोके. उत्तर −७. दुकानाचे चारशे आणि डेअरीचे तीनशे देणे असेल तर सातशे देणे होते. हेच गणित कंसाशिवाय −४ − ३ असे येते आणि तिथे पुष्कळ मुले "उणे उणे अधिक" म्हणून +७ लिहितात. ही चूक सगळ्यांत जास्त होते. दोन देणी एकत्र केली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही, असे पोराला सांगा. ते हसेल आणि पुन्हा चुकणार नाही. "उणे उणे अधिक" हा नियम बेरजेचा नाही. त्याची जागा कुठे आहे ते पुढे येईल.

आता ५ − (−३). पाच हरभरे आहेत, त्यातून तीन चिंचोके काढायचे आहेत. चिंचोके तर नाहीतच! मग तीन हरभरे आणि तीन चिंचोके अशा तीन जोड्या आणून ठेवा. जोडी म्हणजे शून्य, त्यामुळे हिशेब बदलत नाही. आता तीन चिंचोके उचला. आठ हरभरे उरले. उत्तर ८. देणे काढून घेतले की माणूस तेवढ्याने वर येतो. कर्जमाफीची यादी लागली की गावात जो आनंद होतो, तो याच गणिताचा.

बोलण्यातली एक सवयही लावून घ्या. संख्येच्या पुढचे चिन्ह वाचताना ‘उणे’ म्हणावे आणि क्रिया वाचताना ‘वजा’ म्हणावे. ५ − (−३) हे ‘पाच वजा उणे तीन’. दोन्हींना ‘वजा’ म्हटले की अर्धा गोंधळ तिथेच होतो.

बोअरची संख्यारेषा

शाळेत संख्यारेषा आडवी काढतात. बालाघाटच्या या कोरड्या पट्ट्यातल्या पोरांना ती उभी काढून दाखवली तर लवकर कळते. जमीन म्हणजे शून्य. पाण्याची टाकी जमिनीच्या वर, अधिकात. बोअरचे पाणी जमिनीखाली, उणेत.

समजा पाणी −१८० फुटांवर आहे आणि पंप −२५० फुटांवर सोडला आहे. उन्हाळ्यात पाणी ४० फूट खाली गेले. −१८० − ४० = −२२०. पंप अजून पाण्यात आहे का? आहे. −२२० − (−२५०) = ३०, म्हणजे पंपाच्या वर तीस फूट पाणी आहे. मग पाऊस झाला आणि पाणी ६५ फूट चढले. −२२० + ६५ = −१५५.

इथेच दुसरी नेहमीची चूक सुधारून घ्या. −२२० मोठी की −१८०? २२० हा आकडा मोठा दिसतो, म्हणून मुले −२२० मोठी म्हणतात. पाणी वर कुठे आहे ते विचारा. जे वर ते मोठे. म्हणून −१८० मोठी. पन्नास हजार देणे असलेल्यापेक्षा पाच हजार देणे असलेला बरा, हे तर घरातल्या आजीलाही ठाऊक असते.

उचलीची वही

आता ज्या हिशेबासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येऊ. भूम तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर तोडणीची मजुरी त्या उचलीतून वळती होते. मध्ये बाजारासाठी खर्ची मिळते, ती पुन्हा नावावर चढते. पट्टा पडला की शेवटी वही उघडली जाते आणि ‘बाकी’ सांगितली जाते. ती बाकी खरी की खोटी, यावर पुढचे वर्ष कसे जाणार ते ठरते. बाकी फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच टोळीत जावे लागते.

सगळेच मुकादम लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. मुकादमही पुष्कळदा आपल्यासारख्याच घरातला असतो आणि त्याच्याही डोक्यावर उचल असते. पण वही एकाच्याच हातात असली की चूक होते, आणि ती सहसा मजुराच्या अंगावर येते.

खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा एका कोयत्याने ८०,००० रुपये उचल घेतली. हंगामात १५० टन ऊस तोडला. टनाला ३५० रुपये धरले तर मजुरी ५२,५०० झाली. सोळा आठवडे दर आठवड्याला १,००० रुपये खर्ची घेतली. दवाखान्याला १,५०० लागले. आता चिन्हांसह मांडू.

उचल : −८०,०००
मजुरी : +५२,५००
खर्ची : १६ × (−१,०००) = −१६,०००
दवाखाना : −१,५००

एकेक पायरी करू. −८०,००० + ५२,५०० = −२७,५००. त्यातून खर्ची, −२७,५०० − १६,००० = −४३,५००. दवाखाना धरून −४५,०००. म्हणजे ४५,००० रुपये बाकी.

पण समजा मुकादमाने बाकी ५०,००० सांगितली. वही पाहिली तर त्यात "मागील बाकी ५,०००" अशी एक ओळ निघाली. ती मागची बाकी तर यंदाच्या ८०,००० उचलीत आधीच धरलेली होती. एकच देणे दोनदा लिहिले गेले. ते काढून टाकायचे आहे. −५०,००० − (−५,०००) = −५०,००० + ५,००० = −४५,०००. सहावीच्या पुस्तकातले ‘उणे संख्या वजा करणे’ म्हणजे एवढेच. चुकीचे देणे वहीतून खोडणे.

आता आणखी एक गोष्ट आठवली. चार आठवडे कारखाना बंद असताना खर्ची मिळालीच नव्हती, तरी वहीत सोळाच्या सोळा आठवडे लिहिलेले आहेत. दर आठवड्याची नोंद −१,०००. अशा चार नोंदी काढायच्या, म्हणजे −४ नोंदी. (−४) × (−१,०००) = +४,०००. मग −४५,००० + ४,००० = −४१,०००. ही "उणे गुणिले उणे अधिक" या नियमाची खरी जागा. देण्याच्या नोंदी काढल्या की जमा वाढते.

पन्नास हजार आणि एक्केचाळीस हजार यांत नऊ हजारांचा फरक आहे. तो फरक सातवीतली मुलगी कोपीत बसून काढू शकते, तिला दोन नियम नीट कळलेले असले तर. तिच्या एका वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा आणि एस.टी.च्या पासाचा खर्च त्यातून कितीदा तरी निघेल.

म्हणून आमची विनंती आहे की घरातही एक वही ठेवा. तारीख, रक्कम आणि चिन्ह, तीन रकाने पुरेत. काट्याची वजनपावती असेल तर ती वहीत चिकटवून ठेवा. खर्ची घेतली त्याच दिवशी लिहा. मुकादमाच्या वहीशी दर पंधरा दिवसांनी ताळा करा, भांडण न करता. शेवटच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा ते सोपे जाते. कायदाही माहीत असू द्या. उचल किंवा कर्ज फिटेपर्यंत माणसाला जबरदस्तीने राबवून घेणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. सावकारी करणाऱ्याला परवाना लागतो आणि कर्जदाराला पावती व हिशेब द्यावा लागतो, असे महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा सांगतो.

उणे गुणिले उणे : आणखी एक पारख

वहीच्या उदाहरणाने समाधान झाले नाही, तर पाढा उलटा म्हणून पाहा.

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

डावीकडचा आकडा एकेकाने कमी होतो तशी उत्तरे दोन-दोनने वाढत जातात. −६, −४, −२, ०. आता पुढची पायरी (−१) × (−२). उत्तर पुन्हा दोनने वाढले पाहिजे, म्हणजे +२. त्यापुढे (−२) × (−२) = +४. ओळ मोडायची नसेल तर दुसरे उत्तर येऊच शकत नाही. पोराला शेवटच्या दोन पायऱ्या सांगू नका, त्याला त्या शोधू द्या.

भागाकाराला नवा नियम लागत नाही. (−४०) ÷ ८ म्हणजे आठला कितीने गुणले की −४० येतात? −५ ने. (−४०) ÷ (−८) म्हणजे −८ ला कितीने गुणले की −४० येतात? ५ ने. चिन्हे सारखी असली की उत्तर अधिक, वेगळी असली की उणे. हा नियम फक्त गुणाकार-भागाकाराचा, हे मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

पुढच्या परीक्षांतही हेच गणित

मुले मोठी होतात तेव्हा हा हिशेब आणखी एका ठिकाणी भेटतो. डॉक्टर होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या नीट परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य. १८० प्रश्नांपैकी १२० बरोबर, ४० चूक आणि २० सोडून दिले तर १२० × ४ + ४० × (−१) = ४८० − ४० = ४४०. अंदाजाने ठोकलेली चाळीस उत्तरे चाळीस गुण घेऊन गेली. कोणता प्रश्न सोडवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवायलाही ऋण संख्येची समज लागते.

घरी सराव कसा घ्यावा?

पहिले म्हणजे, रोज पंधरा मिनिटे. संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाले की लगेच बसावे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे जास्त टिकतात.

दुसरे, पहिला आठवडा फक्त हरभरे-चिंचोके. दुसऱ्या आठवड्यात उभी संख्यारेषा. चिन्हांची गणिते तिसऱ्या आठवड्यात. घाई करू नये.

तिसरे, उत्तर आले की पोराला त्याची गोष्ट विचारावी. "−१२ + ७ = −५, म्हणजे काय झाले?" बारा देणे होते, सात फेडले, पाच राहिले. गोष्ट सांगता आली तर गणित आले. निरक्षर आईलाही हा तपास घेता येतो, कारण गोष्ट खरी की खोटी हे तिला बरोबर कळते.

चौथे, मुलीला वगळू नये. भावाचा अभ्यास चालू असताना ती भाकऱ्या थापत असेल, तर परातीशेजारी बसून तोंडी गणिते घाला. सहा वजा अकरा किती? पीठ मळता मळता उत्तर येते. बाकी भाकऱ्या भावाला थापू द्या.

पाचवे, तोडणीला जाणाऱ्या घरांनी शक्य असेल तर मुलांना गावी शाळेत ठेवावे. ते जमत नसेल तर गणिताचे पुस्तक आणि एक कोरी वही बोचक्यात नक्की टाकावी. टोळीत दहावी झालेला एखादा तरुण असतोच. त्याने कोपीसमोर चार पोरे गोळा करून बसावे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास असा वर्ग चालवायला कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

सरावासाठी

१) (−९) + ४
२) ६ − ११
३) −७ − ८
४) −१२ − (−५)
५) (−६) × ७
६) (−८) × (−५)
७) (−४८) ÷ ६
८) (−३६) ÷ (−९)
९) लहानापासून मोठ्या क्रमाने लिहा : ३, −१०, ०, −२, ७
१०) विहिरीचे पाणी −४२ फुटांवर होते. पावसाने १५ फूट चढले, मग उपशाने ८ फूट उतरले. आता कुठे आहे?
११) खवा ठेवलेल्या डीप फ्रीजरचे तापमान −१८ अंश आहे. वीज गेली आणि तापमान दर तासाला ३ अंश वाढत गेले. चार तासांनी किती?
१२) दहा दिवसांत ४५ लिटर दूध घातले, भाव ३२ रुपये. पेंडीची उधारी १,९०० रुपये होती. हिशेब किती उरला? पुढच्या दहा दिवसांत तेवढेच दूध त्याच भावाने घातले आणि नवी उधारी केली नाही, तर हातात किती येतील?
१३) उचल ६०,०००. तोडणी ११० टन, टनाला ३५० रुपये. खर्ची १२ आठवडे, दर आठवड्याला ८००. बाकी किती? त्यातले दोन आठवडे खर्ची घेतलीच नव्हती असे नंतर कळले, तर खरी बाकी किती?

उत्तरे : १) −५ २) −५ ३) −१५ ४) −७ ५) −४२ ६) ४० ७) −८ ८) ४ ९) −१०, −२, ०, ३, ७ १०) −३५ फूट ११) −६ अंश १२) −४६० रुपये; नंतर ९८० रुपये १३) −३१,१००; खरी बाकी −२९,५००

ऋण नसल्याचे सुख

अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली होती. धन असण्याचे सुख, ते धन भोगण्याचे आणि सत्कार्यात लावण्याचे सुख, निर्दोष वागण्याचे सुख, आणि ऋण नसण्याचे सुख. अडीच हजार वर्षांपूर्वी कर्जाची ठसठस तथागतांना कळली होती.

बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे गावी महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतन म्हणजे पिढ्यान्पिढ्या राबण्याचा बोजा, बापाकडून लेकाकडे येणारा. तो बोजा आपल्या माणसांच्या डोक्यावरून उतरावा म्हणून ते आयुष्यभर झटले. वतन गेले. पण बापाची बाकी लेकाच्या नावावर चढण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ती एका गणिताच्या धड्याने संपणार नाही, त्याला संघटना लागेल, मजुरीचा रास्त दर लागेल, गावात काम लागेल. पण त्या सगळ्याची मागणी करायला उभे राहणाऱ्याला आपली बाकी नेमकी किती, हे आधी स्वतः सांगता आले पाहिजे.

तेव्हा आज संध्याकाळी वीस हरभरे आणि वीस चिंचोके काढा. पोरांना जवळ बसवा. उत्तरांची ओळ मात्र हाताने झाकून ठेवा.

जय भीम.